आजोबांच्या फोटोतला रणगाडा नेमका कोणता? चाकं मोजा, तोफेची नळी बघा. घरबसल्या असा ओळखा जुना फोटो

मानवत : १७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या भागातल्या मोबाईलवर जुन्या फोटोंचा पूर येतो. कुणाच्या स्टेटसला आजोबांचा फोटो, कुणाच्या ग्रुपवर रणगाड्याजवळ उभे असलेले जवान, आणि खाली ठरलेली ओळ : ‘पोलीस ॲक्शन, १९४८’. फोटो काळा-पांढरा आहे, त्यात रणगाडा आहे, म्हणजे तो मुक्तिसंग्रामाचाच असणार, असं आपण धरून चालतो. पण तसं असतंच असं नाही.

आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या ओसरीत एक फोटो कित्येक वर्षं टांगलेला होता. विशीतला एक तरुण रणगाड्याला हात टेकवून उभा. घरात सगळे म्हणायचे, हे आजोबा, आणि हा निजामाविरुद्ध आलेला रणगाडा. मीही दोन-तीन वर्षं तोच फोटो १७ सप्टेंबरला स्टेटसला ठेवला. एकदा काच पुसताना तो नीट बघितला. रणगाडा सिमेंटच्या चौथऱ्यावर होता आणि तोफेच्या नळीला तोंडाजवळ फुगवटा होता. चौकशी केली, चित्रांशी ताडून बघितलं, तर तो निघाला पॅटन. म्हणजे १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून पकडलेला. १९६५ ला आमचे आजोबा पंचेचाळिशीत होते. मग फोटोतला तरुण कोण?

ऐंशी वर्षांच्या आत्याला फोटो दाखवला. ती एका क्षणात म्हणाली, “अरे, हे नाना!” नाना म्हणजे आजोबांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. आत्याच्याच वयाचे, तिच्यासोबत शाळेत जाणारे. चीनच्या लढाईनंतर फौजेत भरती झाले, लग्न झालं नाही, आजारपणात लवकर गेले. घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नाही. जो एक होता, त्यावर आम्ही नकळत आजोबांचं नाव लावून ठेवलं होतं.

म्हणून हा लेख. रणगाडा ओळखता आला की फोटोचं साल कळतं, आणि साल कळलं की माणूस कोण ते कळतं. त्यासाठी फौजेत असायची गरज नाही. खाली दिलेल्या क्रमाने बघत जा.

पहिली गोष्ट : हा रणगाडा आहे का?

रणगाड्याला तीन गोष्टी लागतात. खाली लोखंडी पट्टे, म्हणजे चेन; अंगावर जाड पत्र्याचं चिलखत; आणि तोफ. बहुतेक रणगाड्यांवर ही तोफ वरच्या फिरत्या घुमटात बसवलेली असते. फौजी माणसं या घुमटाला टरेट म्हणतात.

खाली रबरी टायर असतील तर तो रणगाडा नव्हे, ती चिलखती गाडी. जुन्या फोटोंत या गाड्या पुष्कळ सापडतात. १९२० नंतर हिंदुस्थानात ब्रिटिशांनी वापरलेल्या क्रॉसली गाडीचा घुमट उपड्या कढईसारखा गोल असायचा. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाड्याही होत्या. त्यांना पुढे मोटारीसारखं लांब नाक असतं.

पट्टे आहेत, पण वर छप्परच नाही, घुमट नाही आणि आत चार-पाच जवान डोकी बाहेर काढून बसलेत, तर ते कॅरियर. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या पलटणींकडे अशी छोटी कॅरियर असायची. मराठा पलटणी पायदळाच्या. त्यामुळे घरातलं कुणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत असेल, तर फोटोतला ‘रणगाडा’ कॅरियर असण्याची शक्यता बरीच.

पट्टे आहेत, पण पुढे मोठं लोखंडी पातं आहे आणि तोफ नाही, तर तो बुलडोझर. हसू नका, ही चूक आपल्याच भागात जास्त होते. पूर्णा नदीवर येलदरी धरणाचं काम झालं, पुढे जायकवाडीचा डावा कालवा खोदत आपल्याकडे आला. त्या कामांवर राबलेल्या लोकांचे यंत्रांजवळचे फोटो घराघरांत आहेत. फोटो पुसट झाला की बुलडोझरचा रणगाडा व्हायला वेळ लागत नाही. आणि खरं सांगायचं तर धरणावर राबलेल्या माणसाचा फोटोही तितकाच जपण्यासारखा आहे.

शेवटचा प्रकार जत्रेतल्या स्टुडिओचा. पूर्वी विमान, मोटार असे रंगवलेले पुठ्ठे मागे किंवा पुढे ठेवून फोटो काढायचे. वस्तू सपाट दिसते का, तिची सावली जमिनीवर पडली आहे का, एवढं बघितलं की पुठ्ठा ओळखू येतो.

दुसरी गोष्ट : तोफेची नळी

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं एक लक्षात ठेवा. नळी सुरुवातीपासून तोंडापर्यंत सरळ आहे, की मध्ये कुठे तिला जाड फुगवटा आहे?

तोफ डागल्यावर नळीतला धूर रणगाड्याच्या आत येऊन जवानांना त्रास द्यायचा. तो धूर बाहेर ओढून काढण्यासाठी नळीवर पोकळ नळकांडं बसवायला लागले. लांबून तोच फुगवटा दिसतो. ही सोय दुसऱ्या महायुद्धानंतरची. म्हणून फुगवटा दिसला की फोटो महायुद्धातला नाही, आणि आपल्या पोलीस ॲक्शनचाही नाही. तो नंतरचा, बहुतेक वेळा १९६० च्या पुढचा.

फुगवटा नळीच्या साधारण मध्यावर असेल तर सेंच्युरियन किंवा आपला विजयंता. अगदी तोंडाजवळ असेल तर पॅटन किंवा रशियन टी-५५. मात्र उलटा नियम लावू नका. नळी साधी आहे म्हणून फोटो १९४८ चाच, असं ठरत नाही, कारण जुने शर्मन रणगाडे आपल्या लष्कराने १९६५ च्या लढाईतही वापरले.

तिसरी गोष्ट : एका बाजूची चाकं मोजा

पट्ट्याच्या आत जमिनीलगतची चाकं मोजा. अगदी पुढचं आणि अगदी मागचं अधांतरी दातेरी चाक त्यात धरायचं नाही.

शर्मन : एका बाजूला सहा लहान चाकं, पण दोन-दोनच्या तीन जोड्यांत. अंग उंच, घुमट गोलसर. अमेरिकेत हजारोंनी बनला आणि जगभर गेला.

स्टुअर्ट : लहान, हलका. दोन-दोन चाकांच्या दोन जोड्या आणि मागे एक मोठं चाक, तेही जमिनीला टेकलेलं. तोफ काठीसारखी बारीक.

ली आणि ग्रँट : हा तर लहान पोरगंही ओळखेल. वर एक छोटी तोफ घुमटात आणि दुसरी मोठी तोफ अंगाच्या उजव्या बाजूतून बाहेर आलेली. रणगाडा उंचच उंच. ब्रह्मदेशच्या आघाडीवर हा खूप वापरला.

व्हॅलेंटाइन : सहा चाकं, पहिलं आणि शेवटचं मोठं, मधली चार लहान.

माटिल्डा : चाकं जवळपास दिसतच नाहीत, कारण बाजूला चिलखताचा पडदा असतो. चिखल खाली पडावा म्हणून त्या पडद्याला तिरप्या खिडक्या.

टी-५५ : पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये जास्त मोकळी जागा. घुमट उपड्या वाटीसारखा.

पॅटन : घुमट गोल, टी-५५ सारखाच, पण चाकं सहा, आणि पट्ट्याच्या वरच्या बाजूला आधाराला छोटे रोलर.

सेंच्युरियन : चाकं सहा, पण त्यांचा वरचा भाग बऱ्याचदा लोखंडी पत्र्यांनी झाकलेला.

आता साल लावून बघू

पहिलं महायुद्ध, १९१४ ते १९१८. जगातला पहिला रणगाडा रणांगणावर उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत. त्याला वर घुमटच नव्हता. बाजूने बघितलं तर तिरका दाबलेला चौकोन, पट्टा पूर्ण अंगाभोवती फिरलेला आणि तोफा दोन्ही कुशींत.

आता आपल्याकडची गंमत बघा. अनेक घरांत सांगतात, ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते.’ बसरा म्हणजे आजचा इराक. तिथे गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुत या गावात ही फौज वेढ्यात अडकली, उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. म्हणजे जगात पहिला रणगाडा लढाईत उतरण्याच्या साडेचार महिने आधी. त्या आघाडीवर चिलखती गाड्या होत्या, रणगाडे नव्हते. तेव्हा ‘कुतला पणजोबा रणगाड्यासोबत’ असा फोटो असूच शकत नाही. फोटो दुसऱ्या कुणाचा तरी आहे, किंवा ती गाडी आहे.

हैदराबाद संस्थानचे घोडेस्वार, म्हणजे हैदराबाद लान्सर्स, त्या युद्धात पॅलेस्टाइनच्या बाजूला होते. त्या आघाडीवर १९१७ च्या एप्रिलमध्ये गाझाच्या लढाईत ब्रिटिशांनी आठ रणगाडे आणले होते. हे रणगाडे चालवणारे मात्र गोरे सैनिक होते.

दोन युद्धांमधला काळ. हिंदी घोडदळाचे घोडे जाऊन यंत्रं यायला सुरुवात झाली ती १९३८ मध्ये. त्या आधीच्या फोटोत हिंदी जवान रणगाड्याशेजारी उभा असू शकतो, पण तो रणगाड्यावरचा जवान नसणार. साल तपासायला हा नियम फार कामी येतो.

दुसरं महायुद्ध, १९३९ ते १९४५. मराठा पलटणी आफ्रिकेत केरेनला लढल्या, तिथे १९४१ मध्ये माटिल्डा रणगाडे होते. पुढे इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्याच लढायांत. इटलीतल्या फोटोत शर्मन दिसणं साहजिक. ब्रह्मदेशच्या बाजूचा फोटो असेल तर ली, ग्रँट किंवा स्टुअर्ट. कधी कधी जवान शत्रूच्या मोडक्या रणगाड्यावर बसूनही फोटो काढायचे. पट्टा तुटलेला, अंगावर भोकं दिसली तर हाही विचार करा.

पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. कारवाईची कमान मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे होती. मुख्य जोर सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि रणगाड्यांचा ताफा दुपारपर्यंत उमरग्याला पोचला. दुसरी तुकडी तुळजापूरला गेली. पुढे लोहाऱ्याची वाट नदीच्या पुराने अडवली. औरंगाबाद, जालन्याकडूनही तुकड्या आल्या.

या कारवाईतले रणगाडे म्हणजे शर्मन आणि स्टुअर्ट. नळीला फुगवटा नाही, चाकं जोड्यांत. डिव्हिजनची खूण हत्तीची, ती चिखलरोधक पत्र्यावर दिसते का बघा. पार्श्वभूमीही तपासा. दिवस भाद्रपदाचे. पिकं उभी, रस्त्याला चिखल, नाल्याला पाणी, असं दृश्य हवं. मागे वाळलेला कडबा आणि उघडं रान असेल तर तो सप्टेंबर नव्हे.

समोरच्या बाजूचं काय? निजामाच्या फौजेकडे हंबर आणि स्टॅगहाउंड जातीच्या चिलखती गाड्या होत्या, म्हणजे टायरवाल्या. पण टायर दिसला की निजामाची गाडी, असंही लगेच म्हणू नका. चिलखती गाड्या भारतीय लष्करातही होत्या.

१९६५ आणि १९७१. पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे कितीतरी पॅटन मोडले, कितीतरी हाती लागले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन उडवले ते इथेच. पकडलेले पॅटन पुढे देशभरातल्या छावण्यांत आणि चौकांत चौथऱ्यावर मांडले गेले. गावाकडून गेलेली माणसं त्यांच्याजवळ हौसेने फोटो काढायची. म्हणून चौथरा, साखळीचं कुंपण किंवा माहितीची पाटी दिसली की समजा, हा लढाईतला नाही, लढाईनंतरचा फोटो. १९७१ च्या फोटोंत आपल्या बाजूला विजयंता, सेंच्युरियन, टी-५५ दिसतात.

निजामाच्या फौजेतला फोटो असेल तर?

काही घरांत असे फोटो ट्रंकेच्या तळाला दडवून ठेवलेत. लोक काय म्हणतील, ही भीती. दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, रझाकार ही वेगळी संघटना होती आणि संस्थानची पगारी फौज वेगळी. परमवीरचक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांची नोकरी हैदराबाद संस्थानच्याच फौजेत सुरू झाली. विलीनीकरणानंतर ते पूना हॉर्समध्ये गेले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर सेंच्युरियन रणगाड्यांचं नेतृत्व करताना धारातीर्थी पडले.

दुसरी, फोटोमागे ‘१९ हैदराबाद’ लिहिलं असेल तर ती निजामाची फौज नव्हेच. ती ब्रिटिश हिंदी सैन्यातली रेजिमेंट, जिचं नाव १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झालं. एका शब्दावरून घरातल्या माणसाला दोष देण्याआधी एवढं तपासलेलं बरं.

माणूसही बघा, फक्त लोखंड नको

टोपीवरचा, खांद्यावरचा बिल्ला मोठा करून बघा. मुकुट असेल तर फोटो बहुधा २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. डोक्यावर काळी बेरे टोपी असेल तर माणूस रणगाडा दलातला असू शकतो. पायदळाचा जवान रणगाड्याजवळ फोटो काढतो, पण त्याची टोपी आणि बिल्ला त्याच्या पलटणीचाच असतो.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कडेवर कोरलेली असते. फोटोपेक्षा हा पुरावा पक्का.

मोबाईलने काम करताना

फोटो उजेडात, पण उन्हाच्या तिरीपेत नको असा ठेवा. फ्लॅश बंद. मोबाईल बरोबर वर, सरळ धरा. पुढची बाजू, मागची बाजू आणि रणगाड्याची चाकं, नळी, बिल्ला असे वेगवेगळे जवळचे फोटो घ्या. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का, तारीख, गाव बऱ्याचदा सापडतं. व्हाट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक खुणा पुसट होतात.

काचेला किंवा अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढू नका, ओला करू नका. तो आहे तसाच टिपा.

फोटो रंगीत करून देणारी, चेहरा ‘साफ’ करणारी ॲप ओळखण्याच्या कामाला वापरू नका. ती जे दिसत नाही ते मनाने भरतात. पाचाची सहा चाकं होतात, मुकुटाचा सिंह होतो. मोबाईलवर चित्र शोधून आलेलं पहिलं नावही लगेच खरं धरू नका. चाकं मोजून स्वतः ताडा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आपल्या राज्यातच अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून माटिल्डा, व्हॅलेंटाइन, शर्मन, सेंच्युरियन आणि पकडलेल्या पॅटनपर्यंत सगळं तिथे उभं आहे. फोटोची प्रत सोबत न्या आणि समोरासमोर जुळवा.

नोकरीची माहिती हवी असेल तर परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. जाताना जवानाचा नंबर, डिस्चार्ज बुक, पदक यांतलं जे असेल ते ठेवा. नुसत्या फोटोवर कागद निघत नाहीत. महायुद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर मोफत शोधता येतात.

आणि सगळ्यांत आधी हे करा

रणगाडा शंभर वर्षांनीही ओळखता येईल. त्याची चित्रं पुस्तकांत आहेत. शेजारी उभा असलेला माणूस मात्र घरातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनाच ओळखू येतो. तेव्हा फोटो आधी त्यांच्या हातात द्या. ‘हे आजोबाच ना?’ असं विचारू नका, त्या भिडेने हो म्हणतात. ‘हा कोण?’ एवढंच विचारा, आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि कुणी ओळखलं ते लिहा. बॉलपेनने नको, पुढून उमटतं.

आमच्या ओसरीतला फोटो अजून तिथेच आहे. फ्रेमच्या मागे आता नानांचं नाव आहे. यंदा १७ सप्टेंबरला तो स्टेटसला ठेवणार नाही. तो दिवस त्यांचा नव्हता. पण घरातल्या पोरांना आता माहीत आहे की आजोबांना एक धाकटा भाऊ होता आणि तो फौजेत होता.